ती 'सांगा' म्हणालीच नव्हती

रविवार, ७ डिसेंबर २०२५

आज बोलून गेले! छत्तीस वर्षं जे सख्ख्या भावाला सांगितलं नाही, ते आज सुनेला सांगितलं. मटार सोलता सोलता.

अनिमेष आणि ऋचा नेहमीसारखे रविवारचे जेवायला आले होते. जेवण झाल्यावर अनिमेष आत आडवा झाला. आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसलो, मधे मटारचा ढीग. शेजारच्या तिवारीण बाई त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "भाई साहब जैसा शांत आदमी इस गली में दूसरा नहीं हुआ." ह्यांना जाऊन मार्चमध्ये चार वर्षं होतील. अजून लोक नाव काढतात. श्यामसुंदर म्हणजे शांत. श्यामसुंदर म्हणजे सज्जन.

त्या आत गेल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "शांत माणसाचा हात किती जड असतो, ते घरातल्यालाच ठाऊक."

माझं मलाच नवल वाटलं! ऋचाने मान वर केली नाही. शेंग फोडत फोडत म्हणाली, "टेल मी अबाउट इट, आई."

सांगा म्हणाली. मला! इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

मग सांगितलं. सगळं. लग्नाला तीन महिने झाले होते, शर्टाच्या कॉलरला सुरकुती राहिली म्हणून पहिल्यांदा. मग कशाकशावरून. मे महिन्यात शाळेत पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून गेले, मुख्याध्यापिका बडी बहनजींना सांगितलं की उन्हाची ॲलर्जी आहे. दारात चपला काढल्याचा आवाज ऐकला की कळायचं, आज कसा दिवस आहे. आणि हेही सांगितलं — छाती काढून सांगितलं — की शाळेला एक दिवस खाडा केला नाही, घर मोडू दिलं नाही, अनिमेषला तर पत्ताही लागू दिला नाही.

ऋचा ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "मग थांबलं?"

"थांबलं. वय झालं, बीपी लागलं, थांबलं."

"किती वर्षांनी?"

"सोळा."

"अच्छा," म्हणाली, आणि टरफलं गोळा करायला लागली.

किती गुणी मुलगी आहे! एक तास बोलले मी, एकदाही घड्याळ पाहिलं नाही तिने.


सोमवार, ८ डिसेंबर

हलकं वाटतं आहे. सकाळी ह्यांच्या फोटोला फूल वाहताना वाटलं होतं, आज हात थांबेल. थांबला नाही. सवय.


गुरुवार, ११ डिसेंबर

इंग्रजीच्या क्लासला गेले. आम्ही सहा जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या, आणि शिकवणारी सलोनी तिशीची. इथंच राइट टाउनमध्ये, स्टेशनरीच्या दुकानाच्या वर. जन्मभर हिंदी शाळेत गणित शिकवलं, इंग्रजीचं भय तसंच राहिलं. ऋचा बोलते त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जातं. मराठी तिला समजते, पण बोलताना मधेच हिंदी, मधेच इंग्रजी. म्हटलं, तिने माझ्याकडे यायचं तेवढं ती आली, आता चार पावलं आपण जावं.

आज मजा आली. सलोनीने उलट्या बोलण्याचा धडा घेतला. दूध उतू गेलं की "ग्रेट!" म्हणतात. कोणी काम बिघडवलं की तोंड वाकडं करून "थँक्स अ लॉट". शब्द चांगले, अर्थ नेमका उलटा! शुक्ला बाई म्हणाल्या, हे तर माझ्या सासूला इंग्रजी न शिकता येत होतं. हसून हसून पुरेवाट.

गृहपाठ — घरात ऐकलेलं एक इंग्रजी वाक्य आणायचं. माझ्याकडे आहे. ऋचाचं.


रविवार, १४ डिसेंबर

अनिमेष एकटाच आला. ऋचाला ताप आहे म्हणाला. मी मटाराची उसळ डब्यात भरून दिली. त्याने गिझरची तार बघून दिली, माझ्या गोळ्या आणून ठेवल्या. त्याच्या कॉलेजातल्या मुलांनाही तो फार आवडतो, कोणी कोणी भेटलं की सांगतात — सर कधी आवाज चढवत नाहीत.

जाता जाता बूट घालताना विचारलं, "आई, गेल्या रविवारी ऋचाशी काय बोलून राहिली होतीस गच्चीवर?"

"काही नाही. मटार सोलून राहिलो होतो. काहून?"

"काही नाही, असंच."

खोटं का बोलले मी? ह्यांची गोष्ट मुलाला कळू नये म्हणून असेल. दुसरं काय असणार!


मंगळवार, १६ डिसेंबर

क्लासमध्ये माझा नंबर आला. वहीत लिहून नेलं होतं, उभं राहून वाचलं — टेल मी अबाउट इट. अर्थ — मला त्याबद्दल सांगा.

सलोनीने टाळी वाजवली. "अरे वाह आंटी! ये तो उस दिन वाले लेसन का सबसे अच्छा नमूना है." मग फळ्यावर लिहिलं, आणि माझा अर्थ खोडला.

तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण डोक्यातून जात नाही — "सीधा मतलब तो वही है, बताओ. पर बातचीत में लोग उल्टा बोलते हैं. मतलब — मत बताओ, मुझे पता है. मैं ख़ुद भुगत रही हूँ." उदाहरण दिलं — चौकात कोणी ट्रॅफिकच्या शिपायाला म्हणालं, काय ऊन आहे! तर तो म्हणणार, टेल मी अबाउट इट. त्याला कोणी ऊन सांगायला नको. तो दिवसभर त्यातच उभा आहे.

सगळ्या हसल्या. मीही हसले बहुतेक.

"किसने बोला था, आंटी? किस बात पर?"

मी म्हटलं, "बहू ने. गर्मी की बात पर."

डिसेंबरमध्ये! कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जिना उतरले तो आठवत नाही. ऑटोत बसले आणि घर कुठं ते सांगता येईना. भैया दोनदा म्हणाला, "माताजी, जाना कहाँ है?"


तोच दिवस, संध्याकाळ

शांत माणसाचा हात किती जड असतो, असं मी म्हटलं. आणि ती म्हणाली — मला नका सांगू. मला माहीत आहे.

आणि मी सांगितलं! तासभर! कसं सोसलं, कसं लपवलं, कसं घर टिकवलं. अभिमानाने!

मग थांबलं? किती वर्षांनी?

ती माझी चौकशी करत नव्हती. स्वतःचा हिशोब करत होती. एकतीस वर्षांची आहे ती. लग्नाला तीन वर्षंही पुरी नाहीत. सोळातून ती तीन वजा करून पाहिली असतील तिने. मी गणिताची बाई, आणि तिथंच समोर बसून मटार सोलत होते.


बुधवार, १७ डिसेंबर

नाही. असं नसेल. तिच्या वडिलांबद्दल बोलली असेल. एका वाक्यावरून आपल्या पोटच्या पोरावर —

माझा अनिमेष. मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा.

पण चष्मा. राखीपासून तिसरा चष्मा तुटला ऋचाचा. पहिल्यांदा बाथरूममध्ये पडला, दुसऱ्यांदा स्कूटरवरून, दिवाळीत म्हणाली मीच त्यावर बसले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, किती वेंधळी गं तू! अनिमेष हसला. तीही हसली.

आणि फिजिओथेरपीचं क्लिनिक सोडलं तिने सप्टेंबरमध्ये. सोडलं हे मला कोणी सांगितलं? अनिमेषने. "थकून जाते, आई. थोडा आराम करू दे."

दुपारी गावी, कुंडमला, चिंतामणीला फोन केला. धाकटा भाऊ, पण आता घरातला मोठा पुरुष तोच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, एका इंग्रजी वाक्यावरून तू एवढं रामायण करून राहिली? नवरा-बायकोत चालतं थोडंफार. तू मधात नको पडू."

थोडंफार म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.


गुरुवार, १८ डिसेंबर

क्रमाने लिहिते.

अकरा वाजता विजयनगरला गेले. त्या वेळी अनिमेष कॉलेजात असतो. न कळवता गेले. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. म्हटलं, कोणी नाही. परत फिरणार तेवढ्यात आतून भांड्याचा आवाज.

"ऋचा?"

आतलं लाकडी दार उघडलं. जाळीमागे उभी राहिली. चष्मा नाही. डाव्या डोळ्याखाली पिवळं-जांभळं. त्या रंगाचे किती दिवस झाले ते मला पाहिल्याबरोबर सांगता येतं. चार-पाच.

"आई, चावी अनिमेषकडे आहे. चुकून घेऊन गेला असेल."

"कितीदा चुकून?"

तिने जाळीची कडी उगाच चाचपली.

"फोन लावायचास ना बेटा मला."

"फोन त्याच्याकडेच असतो दिवसभर."

तिथंच पायरीवर बसले. बाहेर मी, आत ती, मधे जाळी. मी म्हटलं, "ऋचा, त्या दिवशी तू मला सांगा म्हणाली नव्हतीस."

"नाही, आई."

"मला समजलं नव्हतं गं. मला इंग्रजी येत नव्हतं."

तिने जाळीला कपाळ टेकलं. "मला वाटलं, तुम्हाला समजलं. समजूनच सांगून राहिल्या आहात. की तुम्ही केलं सहन, तर मी पण करू."

हे वाक्य मी मरेपर्यंत ऐकणार आहे.

"पहिल्यांदा त्या दिवशी कोणाला तरी बोलले मी, आई. म्हणजे बोलले पण नाही, तोंडातून निघालं. आणि तुम्ही सोळा वर्षं म्हणालात. तर मी घरी येऊन ठरवलं की आता कोणाला नाही सांगायचं."

मी उठले. खाली गेले. कोपऱ्यावर चावीवाला बसतो, त्याला वर आणलं. तो कुलूप पाहून मागे सरला. "अम्मा, किसी का घर ऐसे नहीं खोलते. लफड़ा हो जाता है."

"मेरे बेटे का घर है. मेरी बहू अंदर है. देख लो."

त्याने जाळीतून ऋचाकडे पाहिलं. मग खाली बसला आणि कामाला लागला. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, एक बाई डोकावल्या, "आंटी, मैं तो रोज़ सुनती थी," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. रोज़ सुनती थी! मीही अशीच रोज ऐकू जात असेन कोणाला तरी. तिवारीण बाईंना?

कुलूप निघालं. ऋचाने दोन ड्रेस, डिग्रीचे कागद आणि एक पांघरूण घेतलं. पांघरूण का, विचारलं नाही. ऑटोत तिचा हात धरून ठेवला होता मी. मनगट इतकं बारीक झालं आहे, आणि दर रविवारी मी तिला वाढून राहिले होते!


शुक्रवार, १९ डिसेंबर

काल संध्याकाळी पाच वाजता अनिमेष आला. मी ऋचाला आतल्या खोलीत बसवून कडी लावून घ्यायला सांगितलं होतं.

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला नाही. सोफ्यावर बसला, पाणी मागितलं. मी दिलं! अजून कळत नाही का दिलं.

"आई, ती तुझे कान भरून राहिली आहे. तिला डिप्रेशन आहे. स्वतःच आदळते, पडते. मी कुलूप लावतो ते तिच्याच भल्यासाठी."

किती गोड आवाज! सोळा वर्षं मीही असंच सांगत होते — आदळले, पडले, ॲलर्जी आहे. तेच शब्द. त्याने ते कुठून घेतले?

मी म्हटलं, "डोळ्याखालचा डाग मला कळतो, अनिमेष. मी त्यातली जाणकार आहे."

त्याने ग्लास खाली ठेवला. "मग तुला तर माहीत आहे ना, हे चालून जातं. बाबांनी केलं, तू कुठं गेलीस?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुला काय माहीत बाबांचं?"

"आई!" हसला तो. खरंच हसला. "दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मी काय बहिरा होतो? मी पाढे म्हणत बसायचो मोठ्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्यांना गरम पोळी वाढायचीस. मला वाटायचं, असंच असतं. झालं की संपतं."

पाढे. मला आठवतं! संध्याकाळी पोरगं जोरजोरात पाढे म्हणतं, म्हणून मी शाळेत कौतुक सांगत असे. सतराचा पाढा पाठ आहे त्याला, पहिलीत!

पत्ता लागू दिला नाही म्हणे मी. त्याच्या जन्मापासून तेहतीस वर्षं ह्या एका गोष्टीवर जगले.

मग त्याने आवाज आणखी मऊ केला. "ऋचाला पाठव बाहेर. घरी जातो आम्ही. तू थकली आहेस."

मी म्हटलं, "नाही."

"आई."

"नाही येणार ती."

तो उठला. माझ्याजवळ येऊन उभा राहिला, आणि मी दोन पावलं मागे सरले. आपल्या मुलापासून! त्याने ते पाहिलं. त्याचा चेहरा क्षणभर लहानपणीसारखा झाला, रडेल की काय असा. आणि मग तसा राहिला नाही. दार आपटून गेला.


शनिवार, २० डिसेंबर

ऋचा सकाळी साडेनऊपर्यंत झोपली. मी तीनदा जाऊन श्वास पाहिला.

भोपाळहून तिच्या आईचा फोन आला होता माझ्या नंबरवर. "आप बड़ी हैं, बच्चों को समझाइए." मी म्हटलं, समजावतेच आहे.

चिंतामणी कुंडमहून आला. जेवला, सुपारी कातरली, मग म्हणाला, "ताई, पोराची नोकरी जाईल. नाव जाईल. आपल्या समाजात तोंड दाखवता येणार नाही. दोन महिने सुनेला इकडे ठेव, डोकं थंड झालं की पाठव." मी त्याला दिवाणखान्यात ह्यांच्या फोटोखाली बसवलं आणि मटारच्या ढिगापुढे ऋचाला जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. पण ह्या वेळी अभिमानाने नाही. तो सुपारी हातात धरून बसला. अडकित्ता तसाच उघडा.

शेवटी म्हणाला, "तू मला काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

त्याने अडकित्ता मिटून खिशात टाकला. चारच्या बसने परत गेला.


रविवार, २१ डिसेंबर

अनिमेषचे मेसेज येऊन राहिले आहेत. सकाळी — सॉरी आई, मी बदलेन, शपथ. दुपारी — तू माझी आई आहेस की तिची? आता एक — बाबा असते तर तुला दाखवलं असतं.

हा शेवटचा ऋचाला दाखवला नाही. पण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी जाऊ का परत, आई? तुमचा एकच मुलगा आहे."

मला खरं लिहायला हवं इथं, इथं तरी. एक क्षण मला वाटलं, हो म्हणावं. ती गेली की सगळं पुन्हा शांत होईल. रविवार पुन्हा रविवार होतील. तो क्षण आला आणि गेला, पण आला होता.

"उद्या आपण दोघी जाऊ," मी म्हटलं.

"कुठे?"

सांगितलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.


सोमवार, २२ डिसेंबर

महिला थाना. ऋचाच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मी बोलले, तिने मान हलवली. ड्यूटीवरची मॅडम भराभर लिहीत होती. शेवटी गवाहच्या रकान्यापाशी आली. माझं नाव विचारलं, वय विचारलं. "अम्मा, लड़की की माँ हैं आप?"

"नहीं," मी म्हटलं. "लड़के की."